अवघडपणा, पाचपैकी

डायनिंग टेबलावर राज्य पसरलं आहे.
चार कोपऱ्यांवर चार वाट्या, पंख्याने उडू नये म्हणून;
एकीत शेव होती, आता अलीराजपूरवर तेलाचा डाग.
श्रीरंग म्हणतो, मावशी, बावन्न डबे.
मी म्हणते, पंचावन्न. तीन जिल्हे नवे झाले,
तू पुण्यात नोकरी करत होतास तेव्हा.

खेळ त्यानेच मला समजावला:
कुठेतरी डबा लपवायचा, आत वही, पेन्सिलीचा तुकडा,
अक्षांश-रेखांश सांगून टाकायचे जगाला.
येईल त्याने शोधावा, नाव लिहावं,
होता तिथे परत ठेवावा.
आणि बक्षीस?
काही नाही, म्हणाला. सापडतो, एवढंच.

एकतीस वर्षं श्रमायुक्तांच्या कचेरीत
आवक-जावक सांभाळली मी.
बजाग, कराहल, सोंडवा, तामिया,
ही नावं मला पाकिटांवरून ठाऊक:
कुठला शिक्का फिका, कुठला बाबू
'अर्जंट' लिहून तीन आठवड्यांनी टपालात टाकतो.
यांतलं एक गाव पाहिलं असेल तर शपथ.
माझी मजल मांडवपर्यंत, तीही शाळेच्या सहलीत.

दुर्गम भागाला जास्त तारे, असं ठरलं.
इंदूरला एक. बजागला पाच.
मी पेन्सिलीने भरत गेले, जुन्या सवयीने, रकान्याबाहेर न जाता.
पुरायचं नाही. देवस्थान नको, वाघाचं जंगल नको,
आणि राखणदाराशिवाय डबा नको:
जवळ राहणारं कोणीतरी,
पावसाळा सरला की वही उन्हात टाकेल असं.

बजागच्या पुढे फूलवती मरावी, कोदोची गिरणी चालवते.
तिच्या हिंदीत गोंडी, माझ्या हिंदीत मराठी,
मधे गिरणीचा पट्टा.
डबा चोरीला गेला तर मला बोलणार का?
चोरणार कोण, मी म्हटलं, आत आहे काय?
म्हणूनच, ती म्हणाली. काही नसलेला डबा
कोणी झाडात ठेवून गेलं, की लोक आधी घाबरतात.
मी गावात सांगून येते, मग पाठवा.

आणि तारे किती?
पाच.
गिरणी थांबली.
पाच कशाला? सडकेपासून अर्धा कोस.
कुणालाही विचारा, पोर सोबत चालत येईल.
इंदूरला किती?
मी खरं ते सांगितलं.

एक? भाच्याला आणलं होतं तुमच्या मोठ्या दवाखान्यात.
दोन बस, एक रात्रगाडी,
आणि स्टेशनावर उतरल्यापासून
दुपारचे चार वाजेपर्यंत दवाखाना सापडेना.
ज्याला विचारावं तो हात करायचा:
सीधे, सीधे.

स्टेशनापासून चालत पंचवीस मिनिटं आहे तो.
एकतीस वर्षं मी त्यावरून गेले,
टेम्पोत, मांडीवर पर्स धरून.
भाच्याचं काय झालं, ते विचारायचं राहिलं.
गिरणी पुन्हा सुरू झाली होती.

श्रीरंग म्हणतो, नियम एक हवा ना मावशी,
कुठून मोजायचं ते एकदा ठरव.
मी खोडरबर आणायला उठले.
सगळेच पुसले, नीमचपासून सिंगरौलीपर्यंत;
कागद त्या जागी जरा पातळ झालाय.

इंदूरचा डबा राजवाड्यापाशी ठेवायचा होता,
तिथे फोटो चांगले येतात.
काल गुडघ्याला पट्टा बांधून
स्टेशन ते दवाखाना चालत गेले.
तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी हात केला.

डबा आता तिसऱ्या माणसाकडे:
पंक्चर काढणारे शरीफमियाँ, हवेच्या टाकीमागे.
इशाऱ्याच्या रकान्यात लिहिलंय:
सरळ नाही. इथे डावीकडे.
विचारलंत, तर हात पुसून उठतात,
कोपऱ्यापर्यंत सोबत येतात.